टिटवीचा स्पीड कमी केला तरी हल्या मारच खातोय! रोबोटची चपळाई बॅलन्स कशी करायची?

केळीचा_घड, शनिवार रात्री ११:२०

रामराम मंडळी. डोकं फिरलंय म्हणून लिहून राहिलो, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मित्र दीड वर्षापासून गोडॉटमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक गेम बनवतोय. मोठाले रोबोट एकमेकांशी लढतात, आत माणूस बसलेला, खालचे पाय वेगळे वळतात आणि वरचं धड वेगळं फिरतं, रणगाड्याचं टरेट फिरतं तसं. सध्या तीनच रोबोट आहेत. टिटवी २५ टन, ताशी १३० किमी पळते, सेकंदाला १२० अंश वळते. खोंड ५० टन, ८५ किमी, ८० अंश. आणि हल्या ९० टन, ताशी ५० किमी, पाय सेकंदाला २५ अंश वळतात, धड ४० अंशांनी फिरतं पण दोन्ही बाजूला १०० अंशांपर्यंतच, पुढे अडतं. (नावं माझ्या आजोबांनी ठेवलीत, हसू नका.)

काल भुसावळला मित्राच्या कॅफेत आठ पीसीवर टेस्ट घेतली, बाहेर ४५ डिग्री, आत कूलरचं पाणी संपलेलं, दोनदा लाईट गेली. टिटवी विरुद्ध हल्या दहा मॅच लावल्या, आठ टिटवीनं मारल्या. हल्याची तोफ एकदा बसली तर टिटवीचा भुगा होतो, पण ती बसतच नाही, कारण ती पोरगी (म्हणजे टिटवी) जवळ येऊन हल्याभोवती गोल गोल फिरत राहते आणि हा बिचारा दाव्याला बांधलेल्या रेड्यासारखा जागेवर हुंदडतो. मग मी टिटवीचा स्पीड १३० चा १०० केला. परत दहा मॅच. ह्या वेळी टिटवी नऊ जिंकली! स्पीड कमी केला तर जास्त कशी काय जिंकली भो? कोडमध्ये बग म्हणून रात्रभर शोधून राहिलो, बग नाहीये.

---

शेवभाजी_फॅन, शनिवार रात्री ११:४१

सोपंय ना भाऊ, टिटवीचं चिलखत अर्धं कर. एका गोळीत गेली पाहिजे. विषय संपला, झोप.

---

केळीचा_घड, शनिवार रात्री ११:४४

अरे ती आताच एका गोळीत जाते, गोळी लागतच नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. पोस्ट वाचत जा रे.

---

पारोळ्याचा_पोरगा, रविवार सकाळी ८:०५

माझं मत थोडं वेगळंय. एवढाले रोबोट खरे असते तर पळालेच नसते, सगळे संथच पाहिजेत. मी वॉर रोबोट्स मोबाईलवर आला तेव्हापासून खेळतोय, सुरुवातीला त्यात लढाईला एक संथ मजा होती, कव्हरमागून कव्हरमागे जायचं, कोपऱ्यावर डोकवायचं. नंतर उड्या काय, डॅश (एकदम झटक्यात सरकणं) काय, गायब होणं काय, आता कोण कुठून आलं तेच कळत नाही. तुझ्या टिटवीचा स्पीड अजून कमी कर, ६० वर आण. रिॲलिस्टिक वाटेल.

---

लळिंगकर, रविवार सकाळी ९:३०

पोरा, रिॲलिस्टिकच्या वाटेला जाऊ नको, तिथे सगळेच मरतील. रोबोटची उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त चारपट, म्हणजे पायावरचा ताण दुप्पट. आणि त्याला जागेवर गरकन फिरवायचं तर वजनही वाढलं आणि ते मधल्या आसापासून लांबही गेलं, म्हणून जोर ३२ पट लागतो. उंची फक्त दुप्पट केली तर हे. तेव्हा खरं-खोटं सोडा, खेळणाऱ्याला काय *वाटतं* ते बघा.

आता केळीच्या घडा, तुझ्यासाठी. (धुळ्यात डिझाईन इंजिनिअर आहे, पण मेकवॉरियर ऑनलाइन ह्या असल्याच रोबोटांच्या गेमवर आयुष्यातले हजारेक तास घातलेत, नवऱ्याला सांगू नका.) त्या गेममध्ये हाच घोळ चार वर्षं चालला होता. २०१३ ला गेम अधिकृत सुरू झाला तेव्हा रोबोटचं सगळं इंजिनाला बांधलेलं होतं. स्पीडचा हिशेब असा: इंजिनाचं रेटिंग गुणिले १६.२ भागिले टन. १०० टनी ॲटलास रोबोटला ३०० चं इंजिन घातलं तर ४८.६ किमी. इथवर ठीक. पण पिकअप, ब्रेक, पाय वळायचा वेग, धड फिरायचा वेग, हे सगळंसुद्धा त्याच इंजिनाबरोबर वाढायचं. मग काय होणार, प्रत्येक जण बसेल तेवढं मोठं इंजिन कोंबायचा, कारण एका खरेदीत पाच गोष्टी फुकट. ज्याला मोठं इंजिन बसत नाही तो रोबोट भंगारात.

२०१७ मध्ये कंपनीनं ही गाठ सोडली. इंजिनाकडे फक्त स्पीड, बाकी चपळाई प्रत्येक रोबोटची स्वतःची, ठरवून दिलेली. कल्पना बरोबर होती, पण आकडे इतके कंजूष ठेवले की जड रोबोट चिखलात रुतल्यासारखे वाटायला लागले आणि लोकांनी रान उठवलं. पुढे काही वर्षांनी चपळाई परत वाढवावी लागली. गाठ मात्र परत बांधली नाही, हे लक्षात घे.

तुझ्याकडे ‘चपळाई’ नावाचा एकच आकडा आहे का? खरं सांग.

---

केळीचा_घड, रविवार सकाळी १०:१२

ताई तुम्ही माझा कोड बघितला की काय 😅 हो, एकच आहे. स्पीड वेगळा, पण वळणं, पिकअप, ब्रेक सगळं एका ‘चपळाई’ वर चालतं, टिटवीला १०, खोंडाला ६, हल्याला २. पण तरी माझा प्रश्न राहिलाच की, स्पीड कमी करूनही टिटवी जास्त का जिंकली?

---

खयामाना_बैल, रविवार सकाळी १०:५०

आरे भो, आमना खयामा ये नी दख. मझार मेढ, मेढले बैल जोडेल. मेढजोडेना बैल धीरे चालस, बाहेरना बैल पयस. पन चक्कर दोन्हीस्नी संगेच पुरी व्हस. आते मी मेढपान हुभा ऱ्हाईसन बैलकडे तोंड ठेवानं म्हनं तर माले गरगर फिरनंच पडी, बैल धीरे चालो का पयो, त्यान्हा काय संबंध?

तुन्हा हल्या म्हंजे मेढ. समजनं का?

---

पारोळ्याचा_पोरगा, रविवार सकाळी ११:०२

आबा, धागा रोबोटचाय, पोळ्याचा नाही 😂

---

लळिंगकर, रविवार सकाळी ११:२५

हसू नका, आबांनी बरोब्बर पकडलंय! (मेढ म्हणजे खळ्याच्या मधला खांब, मळणीचे बैल त्याच्याभोवती फिरतात.) मी इतके वर्षं खेळून असा विचार केला नव्हता, वही काढून आत्ता मांडून बघितलं.

टिटवी १३० किमी म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. वळते १२० अंश, म्हणजे २.०९ रेडियन (कोन मोजायचं दुसरं माप). ३६ भागिले २.०९, तिचं वर्तुळ साधारण १७ मीटर त्रिज्येचं. आता हल्या त्या वर्तुळाच्या मधोमध उभा आहे, म्हणजे मेढ. त्याला टिटवीवर नेम ठेवायचा तर किती वेगानं फिरावं लागेल? सेकंदाला १२० अंश. तेवढंच जेवढं टिटवी स्वतः वळते! एक चक्कर मारायला तिचं तोंड ३६० अंश फिरतं, मेढीवरच्या माणसाचंही ३६० च फिरतं.

आता तू स्पीड १०० केलास, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. वर्तुळ झालं १३ मीटरचं. अंश? तेच १२०. म्हणजे हल्याचं काम काडीचंही सोपं झालं नाही, उलट टिटवी आणखी जवळ आली, तिच्या छोट्या बंदुका जवळून जास्त नेमक्या बसायला लागल्या. म्हणून नऊ.

हल्याचे पाय २५ आणि धड ४०, दोन्ही एकाच दिशेला फिरवले तरी ६५. त्याला १२० अंशवाली सापडणार कशी? पारोळेकर, तू म्हणतोस तसं ६० किमीवर आणली असती तर ८ मीटरवर येऊन कानाशी भुणभुणली असती.

---

पारोळ्याचा_पोरगा, रविवार सकाळी ११:४०

आबा माफी. मी बैल, तुम्ही शेतकरी.

पण एक, टिटवी गोल न फिरता सरळ समोरून आडवी पळत गेली तर? तेव्हा तर स्पीड मोजावाच लागेल ना.

---

लळिंगकर, रविवार सकाळी ११:५२

तेव्हा मोजायचा, हो. सरळ आडवं जाणाऱ्यासाठी स्पीड भागिले अंतर. २०० मीटरवरून १३० नं गेली तर फक्त १० अंशांच्या आसपास, हल्याचं धड आरामात पुरतं. ५० मीटरवर ४१ अंश, धड एकटं नाही पुरत, पाय लावावे लागतात. म्हणून लांबून टिटवीनं हल्याच्या नादी लागूच नये, ते बरोबरच आहे. घोळ फक्त जवळच्या रिंगणाचा.

---

शेवभाजी_फॅन, रविवार दुपारी १२:३०

मी काल रात्री टिंगल केली म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. हल्या चालवताना टिटवीच्या मागे मागे फिरायचं नाही, *उलटा* फिरायचं. पाठलाग केला तर ६५ विरुद्ध १२०, ती साडेसहा सेकंदातून एकदा समोरून जाते. उलट्या दिशेनं नुसते पाय फिरवत राहिलो तरी २५ आणि १२० ची बेरीज होते, दर अडीच सेकंदाला नाकासमोरून जाते. नेम धरायचाच नाही, समोर दिसली की ट्रिगर. आता जातो, आईनं वांगी भाजायला टाकलीत, भरीत सोडून रोबोट नाही होणार.

---

केळीचा_घड, रविवार दुपारी १:१५

इथे भूक लावू नका. (पण कळण्याची भाकरी आहे का सोबत?)

ताईंचा हिशेब तीनदा वाचला. म्हणजे मला टिटवीचा *स्पीड* नाही, *वळण* कापायचंय. पूर्ण वेगात असताना १२० च्या जागी ६० अंश केले तर? वर्तुळ ३४ मीटरचं होतं. हल्याचे ६५. जेमतेम पुरतो!

आणि आणखी एक सापडलं. १३० च्या स्पीडला १२० अंश वळणं म्हणजे आतल्या ड्रायव्हरवर ७.७ जी, स्वतःच्या वजनाच्या ७.७ पट जोर. प्रत्येक वळणाला, तेही आडवा. ६० केल्यावर ३.८ जी. म्हणजे आधी आमचा ड्रायव्हर दर मॅचला चटणी होत होता आणि आम्हाला पत्ता नाही.

---

लळिंगकर, रविवार दुपारी १:४०

६० बरोबर वाटतंय, पण ‘जेमतेम पुरतो’ हे पूर्ण खरं नाही. तुझं धड १०० अंशांवर अडतं ना? टिटवी ६० नं फिरतेय, पाय २५ नं वळतायत, फरक ३५ चा, तो धडानं भरून काढायचा. मधोमधपासून सुरुवात केली तर १०० भागिले ३५, तीन सेकंदसुद्धा नाहीत, मग धड अडलं आणि टिटवी परत पाठीमागे.

हे बदलू नकोस मात्र! हेच सोनं आहे. हल्याला तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात गोळी बसवली तर जिंकला. आणि जो शहाणा आहे तो टिटवी जवळ येताना बघून पाय आधीच त्या दिशेला फिरवून ठेवेल, धड मागे ठेवेल, मग त्याला १०० नाही २०० अंश मिळतात, पावणेसहा सेकंद. शिकणाऱ्याला मेहनतीचं फळ मिळालं पाहिजे. आणि दुबळ्यानं भिंतीला पाठ लावावी, मेढीभोवती भिंत असेल तर बैल फिरेल कुठून.

---

निवृत्त_लोको, रविवार दुपारी ४:२०

नमस्कार. मी गेम खेळत नाही, नातू खेळतो, त्यानं हा धागा दाखवला. भुसावळला मालगाड्या चालवण्यात जन्म गेला, म्हणून दोन शब्द.

तुम्ही लोक वळण्याचं बोलून राहिलात, पण जड गोष्ट जड वाटते ती वळताना नाही, उचलताना आणि थांबताना. डब्ल्यूएजी नऊ इंजिन १२३ टनांचं, ६१२० हॉर्सपॉवर. एकटं चालवलं, म्हणजे लाइट इंजिन, तर पोराच्या सायकलसारखं सुटतं. त्याच्यामागे कोळशाचे अठ्ठावन्न डबे लावले की तेच इंजिन, तीच पॉवर, पण नॉच (पॉवर वाढवायचे टप्पे) वाढवत बसा, हळूहळू उचलतं. आणि ब्रेक लावला म्हणजे थांबलं असं नाही, पाइपातला हवेचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत उतरायला वेळ लागतो, तोवर मागची गाडी पुढे ढकलतच असते. सिग्नल दिसल्यावर विचार करून उपयोग नाही, आधीच करावा लागतो.

नातवाच्या मोबाईलवरचे रोबोट बघितले, बटण सोडलं की जागेवर खिळतात. ९० टनी गोष्ट अशी थांबली तर पायाखालचा रस्ता उखडेल हो.

---

केळीचा_घड, रविवार दुपारी ५:०५

काका 🙏 हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. टिटवीही बटण सोडलं की जागेवर थांबते, आणि लगेच उलट्या दिशेला फुल स्पीड! टेस्टमध्ये एक पोरगा डावं-उजवं बटण टकटक दाबून जागेवर थरथरायचा आणि कोणालाच लागायचा नाही, आम्हाला वाटलं हुशार आहे.

आता पिकअप आणि ब्रेक वेगळे केले. टिटवी शून्यावरून १३० ला दोन सेकंदात, हल्या ५० ला सहा सेकंदात. ब्रेकही तसेच. ‘चपळाई’ हा आकडा कोडमधून उडवला, त्याच्या जागी पाच आकडे आले.

---

लळिंगकर, रविवार संध्याकाळी ६:३०

आणि पावलांचा ताल बघ. तिघांना एकच चालायचं ॲनिमेशन लावलंय ना? पाय लोलकासारखा झुलतो, पाय चारपट लांब तर पाऊल पडायला दुप्पट वेळ लागायला हवा. हल्याची पावलं भराभर पडली की तो जत्रेतला चावीचा माकड वाटतो, मग आकडे कितीही बरोबर असू देत.

---

पारोळ्याचा_पोरगा, रविवार संध्याकाळी ७:१०

ऑनलाईन करणार असशील तर अजून एक डोकेदुखी. २०० पिंगवाला (म्हणजे नेट ०.२ सेकंद मागे असलेला) समोर असेल तर १३० ची टिटवी तेवढ्या वेळात सात मीटर पुढे गेलेली असते. तू मारतोस ती रिकामी जागा. सर्वरनं मागे जाऊन तपासलं नाही की गोळी मारली त्या क्षणी मारणाऱ्याला ती कुठे दिसत होती, तर खराब नेटवाला सगळ्यात चपळ ठरतो. आमच्याकडे तर पावसाळ्यात सगळेच टिटवी होतात.

आणि धडका? टिटवी हल्याला धडकली तर काय होतं?

---

केळीचा_घड, रविवार संध्याकाळी ७:२२

सध्या दोघं एकमेकांतून अडकून थरथरतात 😶

---

लळिंगकर, रविवार संध्याकाळी ७:४५

धडकेनं पाडायचं असेल तर जपून. मेकवॉरियर ऑनलाइनच्या बीटामध्ये (गेम अधिकृत सुरू होण्याआधीची चाचणी) होतं ते, ६० टनी ड्रॅगन घेऊन लोक नुसते धडका मारत सुटायचे, समोरचा उठतोय तोवर परत पाडायचे, शेवटी काढूनच टाकलं त्यांनी. लहानाला धडकेचं नुकसान जास्त, मोठ्याला कमी, एवढंच ठेव. पाडापाडी नको.

बाकी दुसऱ्या वाटाही आहेत. टायटनफॉल टूमध्ये चपळाई मोजून मिळते, डॅश संपले की भरेपर्यंत थांबा. आर्मर्ड कोअर सिक्समध्ये (२०२३) उलट सगळेच चपळ, पण प्रत्येक झेप एनर्जी खाते आणि मार खाऊन तोल गेला की काही क्षण उघडे पडता. तुझ्या गेममध्ये उष्णता आहे का? फुल स्पीडला इंजिन तापू दे. भुसावळच्या मे महिन्याचा मॅप कर, टिटवी चार चकरांत सावली शोधेल.

---

केळीचा_घड, पुढचा शनिवार, रात्री १०:५०

टेस्ट झाली! तोच कॅफे, ह्या वेळी कूलर भरलेला. स्पीड परत १३० वर नेला (हो, वाढवला), फुल स्पीडचं वळण ६०, हळू असताना जास्तीत जास्त ८०, पिकअप-ब्रेक काकांच्या म्हणण्याप्रमाणे.

दहापैकी टिटवी सहा, हल्या चार. आणि मजा म्हणजे मॅच बघायला मजा आली. एकदा टिटवी रिंगण घालायला आली, हल्या चालवणाऱ्या पोरानं पाय आधीच फिरवून ठेवले होते, धड मागे, टिटवी समोर आली तरी मारली नाही, थांबला, थांबला, आणि पाचव्या सेकंदाला धाड. अख्खा कॅफे ओरडला, मालक बाहेरून धावत आला की काय फुटलं म्हणून. दुसऱ्या मॅचला टिटवीवाला फसला नाही, जवळ येऊन एकदम ब्रेक मारून दिशा उलटी केली, हल्याचं धड उलट्या टोकाला अडकलेलं. तो दोन सेकंद थांबला तेवढ्यात मरू शकला असता, पण हल्या गांगरला.

आता नवीन रडगाणं. खोंड कोणी घेतच नाही. ना टिटवीइतका पळतो, ना हल्याइतका मारतो.

---

खयामाना_बैल, पुढचा शनिवार, रात्री ११:१५

खोंडले दोन्हीस्ना मझार काय ठेवस रे. त्याले धडक मारू दे ना, खोंड शे तो!

---

लळिंगकर, पुढचा शनिवार, रात्री ११:३०

मी आत्ताच पाडापाडी नको म्हणाले होते. पण आबा म्हणतात तर फक्त खोंडाला, आणि फक्त सरळ रेषेत, वळताना नाही. करून बघ.

---

केळीचा_घड, पुढचा शनिवार, रात्री ११:३४

करतो. आणि आबा, नेम धरायला लागणारे अंश मोजणाऱ्या फंक्शनचं नाव मी ‘मेढ’ ठेवलंय. मित्र विचारून राहिला होता हे काय आहे, त्याला म्हटलं खळ्यात जाऊन बघ.

---

शेवभाजी_फॅन, पुढचा शनिवार, रात्री ११:५८

ते सगळं ठीक, हल्याला पाय आपटायचं बटण कधी देतोस?